खाली गुंडाळलेलं

ठण्.

फणीचं लोखंड मागाच्या खांबाला लागलं आणि तो आवाज सगळ्या घरात फिरून आला. भर दुपार होती. बाहेर बदामाच्या झाडाखाली गाढवसुद्धा उभ्याउभ्या झोपलं होतं. पाठीवर बांधलेला माझा तान्हा अनिर आत्ताच कुठे डोळे मिटून जड झाला होता. मी श्वास धरून बसले. फणीच्या मुठीला मी मुद्दाम फडकं गुंडाळलं होतं, आवाज दबावा म्हणून. पण लोखंड ते लोखंडच.

"रबहा," आतल्या खोलीतून हाक आली. "गालिचा विणतेयस का तटबंदी बांधतेयस?"

"झोपा ना, लल्ला. खांबावर माशी बसली होती."

"तुमच्या माहेरी माशा लोखंडानं मारतात होय?"

लल्ला म्हणजे माझ्या सासूबाई, तूदा. सगळं गावच त्यांना लल्ला म्हणतं. हिवाळ्यापासून त्यांचं शरीर अंथरुणाला लागलं होतं, पण कान मात्र अजून मागापुढेच मांडी घालून बसले होते. फणी किती जोरानं पडली, किती वेळा पडली, सगळं त्यांना आतून कळायचं. आणि मला कळायचं की त्यांना कळतंय. तरी आम्ही दोघी त्या माशीवरच थांबायचो.

मी पुढची चिंधी घेतली. कुणाच्या तरी गुलाबी स्वेटरची बाही होती. दोन धाग्यांभोवती गुंडाळली, ओढली, कापली. मग दुसरी. ओळ पुरी झाली की वरून आडवे धागे, आणि मग फणी. जिथे दोनदा ठोकायचं तिथे मी हात दुखेपर्यंत ठोकत होते.

कारण हा गालिचा मला संपवायचा नव्हता.

*

तो मागावर चढला तेव्हा जैतुनाची झोडणी नुकतीच संपली होती. अंगणात दोन खुंट्या ठोकल्या. एका खुंटीशी शेजारची हद्दा बसली, दुसरीशी मी, माझं सातव्या महिन्याचं पोट सावरत. लल्ला सुताचा गुंडा हातात घेऊन मधून येरझारा घालत होत्या, या खुंटीला वळसा, त्या खुंटीला वळसा. तेव्हा त्या अशा ताठ चालायच्या की मागून बघणाऱ्याला वाटावं, कोणी तरणी मुलगी आहे. माझी मुलगी तिझिरी ताणलेल्या धाग्यांवरून उडी मारायला धावली तशा त्या जागच्या जागी ओरडल्या, "खबरदार! ओलांडलंस तर तिथेच खुंटशील, हद्दामावशीसारखी!"

"माझी उंची काढू नकोस," हद्दा म्हणाली. "तुझ्या खुंट्या मीच धरून ठेवल्यात."

मग साखरेचा सुळक्यासारखा गड्डा फोडून त्याचे खडे सगळ्यांच्या तोंडात पडले, माग उभा राहिला, उभ्या धाग्यांचा ताणा वर चढला. लल्लांनी त्या पांढऱ्या धाग्यांवर तळहात टेकला आणि दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "आलास? ये."

तिझिरी बघतच राहिली. "आजी, कोण आलं?"

"हा. आजपासून हा घरातला माणूस. याला जीव आला. याच्यासमोर भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही."

"मग हा मरतो कधी?"

"कापून खाली उतरवतो ना, तेव्हा. मग तो नुसता गालिचा होतो. मग आपण त्याच्यावर लोळायचं."

तिझिरीनं मान डोलावली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज मागाच्या पायाशी पावाचा तुकडा ठेवायला लागली. मुंग्या तो ओढून न्यायच्या आणि लल्ला म्हणायच्या, "बघ, खाल्लं त्यानं."

त्याच दिवशी, साखर चघळत, पायावर पाय टाकून बसल्याबसल्या त्या म्हणाल्या होत्या, "हा माझा शेवटचा. हा उतरला की मीही उतरले."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस," हद्दा म्हणाली. "त्याच्या मागच्या वेळीही. अगं, एकदाच काय ते मर बाई, आम्हाला तुझ्या मयताचं कुसकुस तरी खाऊ दे!"

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की माझ्या पोटात अनिर ढुशा द्यायला लागला.

मग डोंगराच्या कण्यावर बर्फ पडलं. एका सकाळी भट्टीत पाव लावता लावता लल्ला तिथेच खाली बसल्या, हातातलं फळकूट हातातच राहिलं. दवाखान्यातली बाई म्हणाली, हृदय थकलंय; जपा. मोहानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आईला लहान मुलासारखं उचलून गाडीत ठेवलं आणि तसंच उचलून घरी आणलं. गाडीतून उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याला वजनच नव्हतं.

तेव्हापासून ते साखर चघळत बोललेलं वाक्य माझ्या कानात अडकून बसलं. आता त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माग तसाच सोडला असता, तर तेही चालत नाही. अर्धा विणलेला गालिचा मागावर सोडणं म्हणजे तहानलेल्या माणसाला दारात उभं करून दार लावून घेणं. आमच्याकडे कोणी बाई ते करणार नाही. आणि पुरा केला, तर तो उतरणार. अनिर झाला, मी बाळंतपणातून उठले, मागासमोर बसले, आणि तेव्हा मला एवढं एकच सुचलं: दाबून विणायचं. इतकं दाबून, की पोतंभर चिंध्या वीतभर जागेत जिरून जाव्यात. कोणी म्हणायला नको की रबहानं माग सोडला. आणि गालिचाही वर चढायला नको.

*

मोहा बाजाराच्या दिवशी व्हॅन घेऊन जातो, गावची माणसं सोडतो आणि येताना चिंध्यांचं पोतं आणतो. परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, त्यातून विकण्यासारखं वेचून झालं की उरलेलं फाटकं आमच्याकडे. पोत्यातून काय निघेल ते सांगता येत नाही. फुटबॉलचा सदरा, चमकीचा परकर, पडद्याचं टोक, कुणाच्या लहान मुलीचा मखमली कोट, ज्याच्या खिशात एकदा समुद्राचा शिंपला निघाला होता. त्यात आमचं घरचं मिसळायचं: तिझिरीला आखूड झालेले पायजमे, सासऱ्यांचा निळा कामाचा अंगरखा, पावाचं विरलेलं फडकं. रंग आम्ही निवडत नाही. हाताला येईल तो रंग. लल्ला सांगायच्या, "तू फक्त बाजूला कोण बसलंय ते बघ. दोघांचं जमत नसेल तर मध्ये तिसरा बसव."

आणि विणलेलं डोळ्यासमोर राहत नाही. हातभर वर चढलं की ताणा सैल करायचा, विणलेलं खालच्या तुळईवर गुंडाळायचं, वरच्या तुळईवरचा ताणा तेवढाच खाली घ्यायचा. समोर नेहमी तेवढीच हातभर पट्टी. कालपरवा मारलेल्या गाठी खाली जातात आणि काळोखात एकावर एक निजतात. विणणारीलाही त्या परत दिसत नाहीत, अगदी शेवटपर्यंत.

मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. माझं लक्ष सगळं वरच्या तुळईकडे. तिथे किती ताणा उरलाय, एवढंच मी रोज बघायची.

वसंतात एक दिवस हद्दा चाळण मागायला आली. चाळण विसरली आणि मागासमोर उकिडवी बसली. तिनं विणीवर बोट दाबलं, नख दाबलं, मग मुठीनं ठोकून पाहिलं, जसं कलिंगड ठोकतात.

"अगं बाई! यात तर सुरीसुद्धा शिरायची नाही. हे उतरवायला काय, बैल आणायचे?"

"घट्ट असलं की टिकतं, हद्दामावशी."

"टिकतं? घर पडेल, हा उभा राहील." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अनिरचं झबलं सारखं करत बसले. मग ती हळू आवाजात म्हणाली, तिला जमेल तेवढ्या हळू, "रबहा, भिंतीपलीकडे मी राहते. फणी मलाही ऐकू येते. नदीवर बायका काय म्हणतात ठाऊक आहे? मोहाच्या बायकोनं सासूला मागाला बांधून ठेवलंय."

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "मग बांधलंय. सोडू का? सांगा ना, सोडू?"

  हद्दानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, उठली, आणि चाळण न घेताच गेली.

*

ताणा मात्र ताणाच. तो काही वाढत नाही. मी कितीही दाबून विणलं तरी एका दुपारी वरच्या तुळईवरचा शेवटचा वेढा सुटून खाली आला, आणि नुसतं लाकूड दिसलं. बोडकं, पॉलिश झाल्यासारखं. तिथे किती बायकांचे हात लागले असतील.

मी आत गेले. लल्ला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर तिझिरी, आणि त्या तिची वेणी घालत होत्या. मी म्हटलं, "लल्ला, चिंध्या संपल्या."

"गुरुवारी मोहा आणेल."

गुरुवारी मोहा रिकाम्या हातानं आला. मीच सांगितलं होतं तसं. तो आईसमोर उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "आज पोतं मिळालं नाही, आई. ते गठ्ठेवालेच आले नाहीत."

"तुझी बायको तुला खोटं बोलायला शिकवते," लल्ला म्हणाल्या, "आणि तुला ते एवढंसुद्धा शिकता येत नाही. जा, चहा ठेव."

तो सुटल्यासारखा गेला. लल्लांनी दोन्ही हात डोक्यामागे नेले. त्यांना धाप लागली, तरी त्यांनी मला पुढे येऊ दिलं नाही. डोक्याची गाठ सोडली आणि तो रुमाल माझ्या पुढ्यात ठेवला. केशरी, कडेला बारीक टिकल्या लावलेला. आमच्या लग्नात त्यांच्या डोक्याला होता. त्यात त्या नाचलेल्या मी बघितल्या होत्या.

"ही घे चिंधी. फाड."

"हा नाही, लल्ला."

"का? चिंधी नाही का ही?"

"हा नाही ना."

"बस इथं," त्या म्हणाल्या. मी बसले. त्यांचे केस मी पहिल्यांदाच असे मोकळे पाहत होते. पांढरे, विरळ, टोकांना अजून मेंदीचा लाल. "तुला वाटतं, मी मरायला घाबरते?"

"मी घाबरते."

"हां. मग तसं म्हण. माशीचं नाव कशाला घेतेस?"

मला हसू आलं आणि रडूही. त्या थोडा वेळ श्वास गोळा करत राहिल्या.

"मला एक सांग. पहिली ओळ कसली होती?"

"कुठली पहिली?"

"या गालिच्याची. मी सुरुवात केली तेव्हा. अगदी पहिली गाठ."

मी आठवून पाहिलं. माझं पोट मोठं होतं, अंगणात हद्दा बडबडत होती, साखर होती. चिंधी आठवेना.

"मलाही आठवत नाही," लल्ला म्हणाल्या. "रोज इथं पडून तेच शोधते. कधी वाटतं हिरवी होती. कधी वाटतं मोहाच्या बापाचा निळा अंगरखा, मी तो आधी घातला असेल. मग म्हणते, छे, तो मध्ये कुठेतरी आहे. रबहा, ते सगळं तिथं खाली गुंडाळलेलं आहे. मी विणलंय आणि मलाच ठाऊक नाही. आणि तू वरून ठोकतेयस, ठोकतेयस."

मी रुमालाच्या टिकल्यांवरून बोट फिरवलं.

"लहानपणापासून विणते मी. समोर नेहमी एवढीच पट्टी. माणसाला वाटतं, मी लाल विणतेय, मी काळं विणतेय. आणि मग उतरवतो, उलगडतो..." त्यांनी हात हवेत उघडले, तिझिरीच्या डोक्यावरून. "तेव्हा कळतं, की आपण हे करत होतो. दर वेळी माझं तोंड उघडं राहायचं. दर वेळी. तेवढ्यासाठी तर विणायचं, पोरी. नाहीतर थंडीला मेंढीचं कातडं पुरतं." मग हळूच म्हणाल्या, "मरायचं तेव्हा मी मरेन. ते तुझ्या फणीत नाही. पण ते न बघता मला पाठवू नकोस."

मी रुमाल उचलला. टिकल्यांच्या कडेपाशी दातानं चीर दिली आणि ओढलं. फर्रर्र. तिझिरीनं कान झाकले. लल्लांनी मात्र डोळे मिटून तो आवाज ऐकला.

*

शेवटच्या ओळींना जागाच नसते. ताणा इतका ताठ आणि इतका थोडा, की बोटं शिरत नाहीत. सुईनं, काडीनं, नखांनी एकेक गाठ बसवायची. तिझिरी केशरी पट्ट्या हातात देत होती. अनिर रांगायला नुकता लागला होता, तो पोत्यात शिरून बसायचा. मी आता हळू ठोकत होते. दोनदाच. त्यातून ऐकू आलं, आत लल्ला गुणगुणत होत्या.

उतरवायच्या सकाळी हद्दा आली आणि तिनं आधी मोहाला दारात गाठलं. "चल, बाहेर हो."

"माझंच घर ना हे?"

"तुझंच आहे, कोणी नेत नाही. पण गालिच्याचा जीव जायच्या वेळी पुरुष नको. आणि हा," तिनं अनिरला माझ्या पाठीवरून सोडवून त्याच्या हातात दिलं, "हाही पुरुषच आहे. घेऊन जा."

लल्लांना आम्ही दोघींनी धरून मागासमोर आणून बसवलं. मी वाडग्यातलं पाणी धाग्यांवर शिंपडलं. ते थेंब ताण्यावर थरथरत राहिले. लल्ला गालिच्याशी बोलल्या, जसं आम्ही जाणाऱ्याशी बोलतो: "तहानलेला जाऊ नकोस. आमच्या हातून काही दुखलं असेल तर सोडून दे. तू आम्हाला मोकळं कर, आम्ही तुला मोकळं करतो." मग माझ्याकडे वळून, "घे सुरी."

"मी?"

"तू बांधलंयस, तूच सोड."

मी सुरी धाग्याला लावली आणि हात पुढे जाईना. खरंच जाईना. तेव्हा त्यांचा हात माझ्या हातावर आला. वजन नसलेला तो हात. पण आता त्याला वजन होतं. पहिला धागा तुटला, टण् आवाज झाला, जसा तंबोऱ्याची तार तुटावी. मग पुढचा. धागे तुटत गेले तसे आवाज सैल होत गेले, खालावत गेले. शेवटचा धागा काहीच बोलला नाही. वरची तुळई हलकी होऊन डुगडुगली.

त्या सगळ्या वेळात मी मागाकडे पाहिलंच नाही. लल्लांच्या छातीकडे बघत होते. ती वर झाली. खाली झाली. परत वर झाली.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "त्याला उन्हात घ्या."

*

गालिचा उचलवेना. मोहाला परत बोलवावं लागलं, आणि तरीही हद्दा, मोहा आणि मी, तिघं मिळून तो गुंडा अंगणात आणताना दारात अडकलो. हद्दा हाशहुश करत म्हणाली, "बैल म्हटलं होतं ना मी!" लल्लांना आम्ही अंगणाच्या टोकाला उशीवर बसवलं. मग मोहानं गुंड्याला पायानं ढकललं.

पहिल्यांदा लल्लांचाच रुमाल बाहेर आला. केशरी, ताजा, टिकल्यांवर ऊन पडलं तशी भिंतीवर बारीक ठिणग्यांची रांग उमटली. त्याच्यामागून माझं सगळं निघायला लागलं. गुलाबी स्वेटर, चमकीचा परकर, हिरवा, जांभळा, राखाडी. इतकं दाटून, इतकं आवळून विणलेलं, की दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या होत्या. त्या जागी गालिचा अरुंद झाला होता, एखाद्यानं श्वास आत घेऊन पोट ओढून धरावं तसा. मी रोज तिथे बसत होते. एकेक गाठ माझी. तरी मला ठाऊक नव्हतं, की लांबून ते असं दिसतंय.

गुंडा पुढे गेला. आणि एका जागी सगळं बदललं. एक ओळ अर्ध्यावरच थांबली होती, पावाच्या फडक्याची पांढरी ओळ, आणि उरलेली अर्धी मी नंतर लाल चिंध्यांनी भरलेली. तिथून पुढे कडा सुटल्या, रुंद झाल्या. चिंध्या लांब, मोकळ्या, वाऱ्यानं हलणाऱ्या. तिथे लल्लांचा हात होता. मखमली कोट, निळा अंगरखा, सगळे ऐसपैस बसलेले, मध्ये तिसरा बसवलेला. लाल चौकोनातून काळा निघत होता, काळ्यातून एक शेंदरी वाट, ती वाट मध्येच हरवायची आणि पार पलीकडे परत सापडायची. कोणी आखलेली नव्हती ती. कोणी आखूच शकलं नसतं.

 

गुंडा आता मनगटाएवढा उरला. लल्ला उशीवरून पुढे झुकल्या. "थांब," त्या मोहाला म्हणाल्या, "तू नको. हिला करू दे." मी गुडघ्यांवर बसले आणि शेवटचा वेढा दोन्ही हातांनी उलगडला.

पिवळा.

अंड्याच्या बलकासारखा, धगधगीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"पिवळा!" लल्ला ओरडल्या. "अगं, पिवळा! हद्दे, पिवळा होता!" आणि त्या हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "कुणाचा गं होता? कुणी घातला होता पिवळा?"

"माझा नव्हता," हद्दा म्हणाली. मोहाला आठवेना. मला आठवेना. तिझिरीनं वाकून वास घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "माझापण नाही." कुणाचाच नव्हता तो. कुठल्या पोत्यातून आला, कुणाच्या अंगावर होता, कुणाला सांगता येणार नाही. आणि सगळं त्याच्यावरच उभं होतं.

लल्ला हातांवर, गुडघ्यांवर त्या पिवळ्यावरून पुढे निघाल्या. मी धरायला गेले, तर हात झटकला. तळहात टेकवत टेकवत त्या वर सरकत गेल्या. अर्ध्या ओळीपाशी थांबल्या. "इथं मी पडले." मग माझ्या विणीवर हात ठेवला, जिथे कडा सगळ्यांत आत गेल्या होत्या. बराच वेळ ठेवला. "इथं तू घाबरलीस." आणि त्या जागेवर, जशी एखाद्याच्या पाठीवर थाप मारावी, तशी हलकी थाप मारली.

मी अनिरला मोहाच्या हातातून घेतलं आणि गच्चीच्या पायऱ्या चढून गेले. मला रडायचं होतं म्हणून. पण वर जाऊन खाली पाहिलं आणि रडायचं राहूनच गेलं. आमचं घर मातीचं, डोंगर मातीचा, वाट, गाढव, भिंती, सगळं एकाच रंगाचं. आणि त्याच्या मधोमध हे. मी त्याला रोज हातांनी शिवत होते, रोज त्याच्यासमोर बाळाला पाजत होते, त्याला रागानं ठोकत होते. आणि हे आत होतं. अनिरनं खाली बोट दाखवून तोंड उघडलं. माझंही उघडंच राहिलं. हे मी केलेलं नव्हतं. लल्लांनीही नाही. आमच्या हातून झालं होतं, एवढंच.

*

खाली आले तेव्हा हद्दा चहाला आत गेली होती. लल्ला गालिच्याच्या मध्यावर, शेंदरी वाटेपाशी, कुशीवर झोपल्या होत्या. उघड्या डोक्यानं, गुडघे पोटाशी घेऊन, एवढ्याशा. मी जवळ बसून बघितलं. छाती वर होत होती, खाली होत होती. चिंध्यांची टोकं त्यांच्या श्वासानं हलत होती.

तिझिरी माझ्या मांडीला येऊन चिकटली. पावाचा आजचा तुकडा अजून तिच्या मुठीत होता; कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

"आई, तो मेला?"

"हो."

"मेल्यावर एवढा मोठा झाला?"

"नाही गं. आधीपासून एवढाच होता. खाली गुंडाळलेला होता, म्हणून दिसत नव्हता."

तिनं गालिच्याकडे पाहिलं, पिवळ्यापासून केशरीपर्यंत, हळूहळू. मग आजीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, आजी जागी होऊ नये अशा आवाजात, तिनं विचारलं,

"मग आजीला उतरवल्यावर आजीपण एवढी मोठी निघेल?"